चार पायांनी टाळी वाजत नाही

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या बिल्डिंगमध्ये टाळ्या सुरू होतात. नवा पाहुणा असला तर चपला काढता काढता विचारतो, "आरती चाललीय का कुठे?" आरती नसते. घरोघरी जो तो आपापल्या डासाच्या मागे असतो. तळमजल्यावर द्रुत लय, दुसऱ्या मजल्यावर विलंबित, आणि मध्येच वरून कुणीतरी स्वतःच्याच गालावर सणसणीत सम गाठतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. आम्ही चार माणसं, म्हणजे आठ हात. शिवाय एक कुत्रा, ज्याला एकही हात नाही.

हा शेवटचा मुद्दा आमच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

दिवा हे ठाणे आणि डोंबिवली यांच्या मधलं जंक्शन. मुंब्र्याच्या पुढे, कोपरच्या अलीकडे. इथून एक फाटा वसईला जातो, एक पनवेलवरून कोकणात उतरतो आणि मुख्य लाइन सरळ कल्याणला. डासांनाही या तिन्ही दिशांचं कनेक्शन आहे अशी आमची पक्की समजूत. एका अंगाला खाडी आणि तिवरांची दाटी, जुन्या भातखाचरांत उभ्या राहिलेल्या बिल्डिंगा, त्यांच्यामधून वाट काढणारी गटारं, आणि नळाला पाणी येईल तेव्हा येईल म्हणून घरोघरी भरून ठेवलेली पिंपं. डासाच्या जातीला आणखी काय हवं? जलद लोकल दिव्याला थांबायला २०१६ चा डिसेंबर उजाडावा लागला. डास पहिल्यापासून सगळेच थांबतात, स्लो काय आणि फास्ट काय. (दिव्याखाली अंधार हा विनोद आम्ही दिवेकर करत नाही. तो डोंबिवलीकर करतात आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं समजून हसतात.)

आमचा कुत्रा आम्हाला फलाटावर मिळाला. सावंतवाडीची पॅसेंजर पकडायला सकाळी सकाळी दिवा स्टेशनात उभे होतो. आईचं सामान म्हणजे दोन पिशव्या, एक स्टोव्ह आणि परत येताना आंबे आणायला एक रिकामी पेटी. त्या पेटीत हे पिल्लू येऊन बसलं. तांबूस रंग, एक कान उभा, एक कान अजून विचारात. गाडी आली, आम्ही त्याला उचलून खाली ठेवलं आणि निघून गेलो. दहा दिवसांनी परत आलो तर त्याच खांबाखाली तो बसलेला. आमची वाट बघत होता की कुणाचीही, हे त्यालाच माहीत. पण मुलीने पेटी खाली ठेवली आणि हा पुन्हा आत, आंब्यांवर. आई त्याला 'पासिंजर' म्हणाली आणि तेच नाव राहिलं.

गोष्ट श्रावणातली. एका सकाळी पासिंजर गॅलरीतून आत आला तो एक डोळा मिटून. उजव्या डोळ्याची पापणी अशी सुजलेली की येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डोळा मारतोय असं वाटावं. नाकाच्या दांड्यावर तीन गांधी, डाव्या कानाच्या कडेला दोन. मिनिटामिनिटाला डोकं झटकत होता आणि कान गालांवर फटफट आपटत होते.

आपल्याकडे माणूस आजारी पडला तर लोक निदान तीन-चार तास डॉक्टरची वाट बघतात. कुत्र्याच्या बाबतीत तसं काही बंधन नसतं.

आईने चष्मा न लावताच निकाल दिला. "मेल्याक पित्त उठलाहा. तेका आमसुलाचा पाणी लाव." अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी, हा आमच्या घराण्यातला पिढीजात इलाज. चार आमसुलं भिजत घातली, पाणी कापसाने नाकावर लावलं. पासिंजरने जीभ बाहेर काढून ते एका फटक्यात चाटून टाकलं, क्षणभर विचार केला आणि वाटीकडे बघितलं. पुढचा अर्धा तास आई लावत होती आणि तो चाटत होता. गांधींना काही गुण आला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी कढीच्या वेळेला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर व्हायला लागला.

तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या, गॅसवर टाकल्या, मोहऱ्या तडतडल्या. म्हणजे नजरच. गरम तव्यावर न तडतडणारी मोहरी मी अजून पाहिलेली नाही, पण हे काकूंना सांगायची माझी छाती नाही. बाजारातल्या मासळीवाल्या मावशींकडे बोंबील घ्यायला गेलो तर त्यांनी पाटीमागूनच त्याच्याकडे बघितलं. "आरं बाला, याचा डोला कनाला सुजलाय? हलद लाव." हळद लावली. कुत्रा पिवळा झाला, सोफा पिवळा झाला, मुलीचा शाळेचा गणवेश पिवळा झाला. मांडवात बसायला निघालेल्या नवरदेवासारखा तो संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर फिरला.

सेक्रेटरींचं मत सगळ्यात ठाम होतं. ते कोणत्याही विषयावर वार्षिक सभेत ठराव मांडल्यासारखे बोलतात. "डास? कुत्र्याला डास चावत नाही. अंगावर केस असतात ना." यावर उपस्थितांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आता लाज वाटते, पण तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. केस म्हणजे उपजत मच्छरदाणी, अशी काहीतरी माझी कल्पना होती.

कुत्र्याकडे नीट बघितलं ते फक्त आमच्या हिने. रात्री नऊ वाजता तिने पासिंजरला फरशीवर उताणा केला, मोबाइलची बॅटरी लावली आणि बोटांनी केस बाजूला सारत सारत त्याचं पोट तपासायला घेतलं. आम्ही सगळे भोवती वाकून. पोटाच्या खालच्या भागात आणि मांड्यांच्या आत केस असे विरळ की गुलाबी कातडी दिसत होती, आणि तिच्यावर मोहरीएवढे उठाव. पाच, सहा, सात. एकेका उठावाच्या मधोमध सुईने टोचल्यासारखं बारीक टिंब. "बघ," ती म्हणाली, "आपल्याला उठतात तसेच."

आणि त्याच वेळी पुरावा समोर येऊन बसला. डाव्या कानाच्या कडेला, जिथे केस संपून नुसती पाळी राहते तिथे, एक काळा डास. पायांवर पांढरे पट्टे, मागचे दोन पाय हवेत उचललेले, तोंड खाली. बघता बघता त्याचं पोट फुगत गेलं आणि डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं. मी हात उगारला आणि मारला.

डास उडाला. चापट पासिंजरच्या कानावर बसली.

त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. त्याच्या बाजूने विचार करा. त्याला डास दिसलेला नाही. आपण उताणे पडलो आहोत, चार माणसं पोटावर उजेड पाडून बघतायत, आणि त्यातल्या एकाने विनाकारण कानाखाली वाजवली. कुत्र्यावरचा डास मारायचा म्हणजे कुत्र्यालाच मारावं लागतं, आणि कुत्र्याला मारणारा तेवढा दिसतो. तो उठला, पलंगाखाली गेला आणि सकाळपर्यंत बाहेर आला नाही. पलंगाखाली डास जास्त असतात हे त्याला कोण सांगणार.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. कुत्र्याला घेऊन दिव्याहून डोंबिवलीला जायचं तर लोकल नाही, रिक्षा. पहिल्या रिक्षावाल्याने कुत्रा बघून मीटर नसलेल्या डॅशबोर्डकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि निघून गेला. दुसरा म्हणाला, "कुत्र्याचं सीट पडेल." पडू दे म्हटलं. मग पासिंजर आपल्या पैशाच्या सीटवर, कडेला, वारा खात, शीळ रस्त्यावरच्या ट्रककडे एका डोळ्याने बघत गेला. आम्ही दोघं उरलेल्या जागेत.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. पहिला प्रश्न, "राहता कुठे?"

"दिव्याला."

"मग पुढचे चार प्रश्न वाचले," म्हणाल्या आणि त्याचा कान हातात घेतला.

केसांची मच्छरदाणी होत नाही, हे त्यांनी सेक्रेटरींचं नाव न घेता सांगितलं. डास हुशार असतो. मादीच चावते, कारण अंडी घालायला रक्त तिला लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास यांच्या मागावर ती येते, आणि कुत्रा हा प्राणी तर दिवसभर तोंड उघडं टाकून उच्छ्वास सोडत बसलेला असतो. जवळ आल्यावर ती केस कमी असलेली जागा शोधते. नाकाचा दांडा, पापण्या, कानाची कड, पोट, जांघा. खाज येते ती सोंडेमुळे नाही, रक्त गोठू नये म्हणून ती आत सोडते त्या लाळेमुळे. साधा चावा असेल तर उठाव काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बसतो.

"आणि हे डासच कशावरून?" मी विचारलं. वास्तविक पुरावा मी डोळ्यांनी पाहिला होता, पण एवढं सीटचं भाडं भरून आल्यावर माणसाला जरा जास्त ज्ञान हवं असतं.

त्यांनी दिलं. गोचीड असली तर ती चावून जात नाही, तिथेच चिकटून बसते. रक्त पिऊन फुगली की राखाडी एरंडाच्या बीसारखी दिसते. (हे घरी येऊन वाचलं तर लॅटिनमध्ये गोचिडीला आणि एरंडाला शब्दही एकच आहे, रिसिनस. रोमन माणसाच्या घरीही कुत्रा असणार.) पिसवा असतील तर खाज पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी जास्त, आणि केसांत काळी भुकटी सापडते. ती भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायची. नुसतीच पसरली तर धूळ. भोवती लालसर डाग उमटला तर पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आमच्या हिला हा प्रयोग फारच आवडला. पुढचा आठवडाभर घरात जी जी काळी भुकटी सापडली ती ओल्या कागदावर टाकून झाली. एक मोहरीचा फोडणीतला अवशेष निघाला, एक माझ्या चपलेचा तळ. खरूज असेल तर केस जातात, कातडी जाड होते आणि ती एका रात्रीत येत नाही. गांधीलमाशी किंवा मधमाशी असेल तर एकच डंख, पण तोंड पाहता पाहता सुजतं.

"आणि तोंड सुजत चाललं, उलटी झाली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर लगेच निघायचं. आमसुलं शोधत बसायचं नाही." आमसुलांचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. हिने सांगितलं असणार.

इलाज एवढा साधा निघाला की भाडं जास्तच वाटायला लागलं. थंड पाण्यात फडकं भिजवून, पिळून पाच-दहा मिनिटं सुजेवर धरायचं. बर्फ थेट लावायचा नाही. खाजवू द्यायचं नाही, कारण नखाने कातडी फाटली की मग जंतू शिरतात आणि डासाचं प्रकरण भलतीकडे जातं. आणि सारखं डोकं झटकू द्यायचं नाही. फार झटकलं तर कानाच्या पाळीतली रक्तवाहिनी फुटते, आत रक्त साकळतं आणि कान पुरीसारखा टम्म फुगतो. खाजेची गोळी त्यांनी वजन करून, लिहून दिली. मेडिकलवाल्याने आम्हाला आदल्या दिवशी माणसाची एक वेदनाशामक अर्धी करून द्यायला सुचवलं होतं, हे ऐकून त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. आयब्युप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड खलास करू शकतं. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नाही. "अर्धी गोळी म्हणजे कुत्र्याची गोळी होत नाही."

मग नकारांची यादी सुरू झाली आणि तिच्यात आमच्या बिल्डिंगमधलं प्रत्येक कुटुंब कुठे ना कुठे आलं. आपण अंगाला चोळतो ते डास पळवायचं मलम नाही. त्यातली रसायनं कुत्रा चाटतो आणि त्याला बाधतात. कापूर नाही. टी ट्री तेल नाही. खोली बंद करून अगरबत्ती नाही, कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा जमिनीजवळ आणि कितीतरी तिखट. लसूण खाऊ घातला की डास येत नाहीत असं चौथ्या मजल्यावरून कळलं होतं. तर लसूण आणि कांदा दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. इथे आईचा चेहरा पडला असता, पण ती घरी होती. सोलकढीत लसूण असतो आणि उंबऱ्यावरच्या उमेदवाराला तिने दोनदा वाटी दिली होती, हे आम्ही सांगितलं नाही. मग सांगितलं. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. मानेवर टाकायचा डास-गोचिडींचा थेंब त्यांनी दिला, पण त्याबरोबर ताकीदही: काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते कुत्र्याला चालतं आणि मांजराला मारतं. शेजारी मांजर असेल तर ते सुकेपर्यंत गळाभेट बंद.

आणि शेवटी नरसाळं. गळ्यात घालायचं ते प्लॅस्टिकचं नरसाळं, खाजवू नये म्हणून. घरी आल्यावर आईने ते बघितलं आणि म्हणाली, "ह्येचो ग्रामोफोन केलात?" जुन्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसून धन्याचा आवाज ऐकणारा एक कुत्रा असायचा. आमचा भोंग्याच्या आत बसलेला. दारं, खुर्च्या, आईचे गुडघे, सगळ्यांना तो धडकत होता, आणि प्रत्येक धडकेनंतर मागे सरून पुन्हा त्याच जागी धडकत होता. रात्री अकराला एक डास त्या भोंग्यात शिरला. आपल्या कानापाशी डास गुणगुणतो तेव्हा आपली काय अवस्था होते ते आठवा, आणि मग तो आवाज भोंग्यातून ऐकतोय अशी कल्पना करा. पासिंजर सरळ वर उडाला. नंतर घरभर गोल गोल धावला, आपल्याच डोक्याला लागलेल्या लाउडस्पीकरच्या पुढे जायचा प्रयत्न करत. नरसाळं आम्ही काढलं आणि आळीपाळीने त्याच्याशेजारी जागायचं ठरवलं. आठ हात होतेच.

पहिली पाळी माझी. कुत्र्याचा पहारा करणारा माणूस रात्री दोन वाजता फार दूरदूरचे विचार करतो. मला रोनाल्ड रॉस आठवला. सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला, म्हणून तो दिवस जगभर डासांचा दिवस. पण त्याआधी ते डास कुणाला तरी चावायला लागतात. हुसेन खान नावाच्या एका मलेरियाच्या रुग्णाला रॉस मच्छरदाणीत झोपवायचा, आत डास सोडायचा आणि चावलेल्या डासामागे त्याला एक आणा द्यायचा. मी पासिंजरच्या पोटावरचे उठाव पुन्हा मोजले. त्या दराने आमचा कुत्रा आजवर निदान एखाद्या खोलीच्या पागडीएवढा मालदार झाला असता. माणसाचा मलेरिया कुत्र्याला होत नाही, तेवढं एक त्याच्या बाजूने. दत्ताची तसबीर भिंतीवर होती. पायाशी चार कुत्री, चार वेद म्हणतात त्यांना. चारांपैकी एकही खाजवत नाही.

कुत्र्याचा डासामुळे येणारा आजार वेगळाच आहे, आणि तो ऐकून आमची खरी झोप उडाली होती. हृदयातला जंत. एका कुत्र्याच्या रक्तातली त्याची सूक्ष्म पिल्लं डास शोषून घेतो, ती डासात दोनेक आठवडे वाढतात, मग तो दुसऱ्या कुत्र्याला चावला की तिकडे उतरतात. सहा-सात महिन्यांनी हृदयात आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वीतभर, कधी त्याहून लांब शेवया. खोकला, दमणं, वजन घटणं. आपल्या देशात तो ईशान्येकडे जास्त. केरळकडे त्याचा एक भाऊ आहे, तो हृदयाऐवजी कातडीखाली राहतो. झाल्यावर उपचार कठीण, होऊ नये म्हणून महिन्याची गोळी सोपी. त्या गोळ्यांतलं एक औषध ज्या जिवाणूपासून आलं तो जपानमध्ये एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत सापडला, आणि त्याबद्दल २०१५ मध्ये सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. तेच औषध गुरांसाठीही येतं, कितीतरी तीव्र. ते गुरांचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचणारे लोक आहेत, आणि कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना तर त्याची मात्रा थोडी वाढली तरी मेंदूपर्यंत बाधते. पासिंजरच्या जातीत फलाट क्रमांकाशिवाय काही नोंद नाही, तरी आम्ही डॉक्टरने दिलेलीच गोळी देतो. भाकरीत लपवून. भाकरी तो खातो, गोळी बाजूला काढतो.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "डास कसा होता? पायांवर पांढरे पट्टे?"

हो म्हटलं.

"म्हणजे घरातला."

मी खाडीकडे हात केला. तिवरं, गटारं, फाटे, जंक्शन, सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. गटारातल्या घाण पाण्यातला डास वेगळा, तो रात्री चावतो. पट्टेवाला जास्त करून दिवसा, सकाळी आणि दिवेलागणीच्या सुमाराला. अंधार पडल्यावर आला असेल तर तुमच्या बॅटरीच्या उजेडाने. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं, तो शे-दोनशे मीटरपलीकडे फारसा जात नाही, आणि अंड्यापासून उडण्यापर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. "खाडीला सोडा. घरात बघा."

हे दिवेकराला सहन होत नाही. खाडीला नावं ठेवणं हा आमचा सामाजिक हक्क आहे. मी सेक्रेटरींना गाठलं, दोघं मिळून बिल्डिंग पालथी घातली. मनात खात्री होती की गच्चीवर काहीतरी सापडणार. सापडलंही: एक टायर, एक फुटका कमोड आणि कुणाचं तरी फुटबॉल खेळायचं वय संपल्याची खूण म्हणून एक अर्धा फुटबॉल, पाण्याने भरलेला. पण त्यात अळ्या नव्हत्या. आदल्या आठवड्यात धुराचा माणूस आला होता तेव्हा त्याने औषध टाकलं होतं. दुसऱ्या मजल्यावर फ्रिजमागचा ट्रे. तिथे थोड्या होत्या. काकूंच्या तुळशीखालच्या ताटलीत नजर लागण्याइतक्या. मग सेक्रेटरी म्हणाले, आता तुमचं घर.

आमचं पिंप गॅलरीत. झाकण कायम बंद, यात मी फार काटेकोर. झाकण मी मुद्दाम उलटं ठेवतो, म्हणजे त्याच्या वर आलेल्या कडांमुळे तपेलं आणि साबण त्यात घसरत नाहीत; ही माझीच युक्ती, चार जणांना सांगितलेली. पिंपाच्या पोटाशी फरशी गार असते म्हणून पासिंजर तिथेच झोपतो, पिंपाला नाक लावून.

सेक्रेटरींनी तपेलं उचललं आणि चष्मा वर केला. झाकणात दोन बोटं पाणी होतं आणि त्यात बारीक बारीक स्वल्पविराम वळवळत होते. सावली पडली तसे सगळे एकदम खाली गेले. मग एकेक करून वर आले, शेपटीकडून श्वास घ्यायला.

"तुमचेच डास, तुमचाच कुत्रा," सेक्रेटरी म्हणाले. "सोसायटीचा यात संबंध नाही."

झाकण मी गॅलरीतल्या कुंडीत पालथं केलं. पाणी मातीत मुरलं की अळ्या मरतात. संध्याकाळपर्यंत खाली फळ्यावर खडूने लिहिलं गेलं: 'दर रविवारी सर्व सभासदांनी कोरडा दिवस पाळावा.' तासाभरात पहिल्या मजल्यावरचे एक सभासद आले. रविवार सोडून बोला म्हणाले. त्यांच्याकडे रविवारी जावई येतात आणि मटण असतं. त्यांना समजावून सांगितलं की पिंपं, ताटल्या आणि ट्रे रिकामे करून घासून कोरडे करायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. तरी ते कुरकुरत गेले. फळ्यावर 'पाण्याचा' हा शब्द नंतर वर छोट्या अक्षरात घातला गेला.

पहिल्या कोरड्या रविवारी आम्ही पिंप घासून पालथं केलं आणि सोमवारी पाणी आलं नाही. मंगळवारी आईने मला आंघोळीला अर्धी बादली दिली आणि ती देताना झाकणाच्या युक्तीबद्दल चार शब्द ऐकवले. पण सूज उतरली. पासिंजरने दोन्ही डोळे उघडले, कान फटफटायचे थांबले, पोटावरचे उठाव नाहीसे झाले, हळद मात्र अजून काखेत थोडी आहे.

परवा संध्याकाळी सात वाजता गॅलरीत बसलो होतो. खाली टाळ्या चालू झाल्या होत्या, जरा कमी, पण चालू. पासिंजर पिंपाशेजारी पुढचे पाय लांब करून पडला होता. एक डास त्याच्या नाकासमोर आला. तो नुसताच बघत राहिला, एक कान उभा, एक विचारात. डास जरा वर गेला, परत खाली आला, नाकाच्या शेंड्यापासून चार बोटांवर. पासिंजरने तोंड उघडलं आणि मिटलं.

खट्ट. अगदी दोन तळहात आपटल्यासारखं.

आतून आईने विचारलं, "गावलो? मारलंस?"

"मी नाय," मी म्हटलं.